‘लाव’ म्हणालं कोण?

मंगळवार, २० फेब्रुवारी

थोरल्या,

बारकीचा पोलीस-जबाब आम्हाला कितीला पडला ते आधी सांगतो. पोलिसांनी एक पैसा घेतला नाही, तेव्हा तो हिशोब सोड. तिचे साडेपाच तास गेले. माझी मागची एक दाढ गेली, कारण बाहेरच्या बाकावर मी दात आवळून बसलो होतो आणि ती उभी चिरली. तुझ्या आईचा आवाज गेला. त्या दिवसापासून ती इतकं हळू बोलते की प्रत्येक गोष्ट मला दोनदा विचारावी लागते. आणि परत येताना बारकी गाडीत मागे बसली. एकोणीस वर्षांची झाली पोरगी, आजवर माझ्या शेजारची जागा तिने कुणाला दिली नव्हती. तुलासुद्धा नाही. त्यावरून तुम्ही दोघं कसे भांडायचात, आठवतं ना?

फोन मी मुद्दाम करत नाही. मागच्या वेळी तू फोनवर असा पुटपुटत होतास की मला वाटलं तोंडात घास आहे. पत्रात माणसाला पुटपुटता येत नाही, ही पत्राची मोठी सोय.

तर झालं असं. गेल्या आठवड्यात सोमवारी, बारा तारखेला, दुपारी सव्वादोनला आपल्या लाँड्रीत सावकाश कपडे वाळवायच्या तीन नंबरच्या ड्रममध्ये सापडला. सावकाश तुला आठवेल. ओल्या चादरींची ट्रॉली ढकलणाऱ्या प्रत्येकाला ‘सावकाश, सावकाश’ करणारा. पोलिसांना त्याचं खरं नाव सांगायला मला हजेरीपुस्तक उघडावं लागलं. हॉस्पिटलची एक चादर ड्रमच्या मागच्या कडेला अडकली होती, ती सोडवायला तो दारातून आत शिरला. अख्खा शिरला. बारकी पॅनेलवर होती. तिला ‘लाव’ असं ऐकू आलं, तिने बटण दाबलं. ड्रम अकरा सेकंद फिरला. मग घडीवाल्या मावशीने धावत जाऊन लाल बटण मारलं. सावकाश जिवंत आहे. खुबा, बरगड्या, डोकं. शुद्धीवर नाही.

पोलीसबाई वयाने तुझ्याएवढ्या असतील. बारकीला म्हणाल्या, “लाव म्हणजे?” बारकी म्हणाली, “म्हणजे चालू कर. मशीन लाव, पंखा लाव.” बाई म्हणाल्या, “आणि दार लाव म्हणजे?” “बंद कर.” बाईंनी ते लिहून घेतलं. हसल्या नाहीत म्हणे. आता ही काय माझी चूक आहे? भाषा मी केली का? आपल्या हॉलमध्ये ते धडधडणं चालू असताना पहिला शब्द कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही, म्हणून सगळे एकच शब्द ओरडतात. इतकी वर्षं त्यावर काम चाललंय.

‘लाव’ म्हणालं कोण, हा प्रश्न आहे. बारकीने सांगितलं, “कळलं नाही.” मावशीने सांगितलं, “मी नाही.” मी तेव्हा ऑफिसात होतो, दार लावून, फोनवर. तसं मी लिहूनही दिलंय.

मी हॉलमध्ये असतो तर हे झालंच नसतं. चौदा मशीनं आहेत, डोळे बांधून मला मध्ये उभं कर, कुठल्या मशीनची बेअरिंग पुढच्या महिन्यात जाणार ते सांगतो. एका बादलीवर सुरू केलेला धंदा मी इथवर आणला तो या दोन कानांवर. माझ्या कानाला चुकवून त्या हॉलमध्ये टाचणीसुद्धा पडत नाही, हे तिथला कोणीही सांगेल.

तुला कोणी काही विचारलंच, तर तू चार वर्षं इथे नाहीस एवढंच सांग. दाराच्या स्विचचा विषय काढायची गरज नाही.

तुझा बाप

सोमवार, २६ फेब्रुवारी

थोरल्या,

मी दोन पानं लिहिली आणि तू तीन शब्द पाठवलेस, तेही आईच्या फोनवर. ‘तार काढली का?’

काढली. त्याच संध्याकाळी काढली, पोलीस पंचनाम्याला यायच्या आधी. आता झालं समाधान?

तू तिकडे बसून काय विचार करतोयस ते मला कळतं. तू तो स्विच बसवलास तेव्हा मी पाठ थोपटली होती की नाही? दार उघडं असेल तर ड्रम फिरणारच नाही, कल्पना नामी होती. पण दाराचं रबर झिजलं की दार नीट बसायचं नाही आणि ड्रम बंद पडायचा. दिवसातून नऊ-नऊ वेळा. हॉस्पिटलला सकाळी आठला चादरी लागतात, त्यांना रबराची गोष्ट सांगून चालत नाही. म्हणून मी तार गुंडाळली. तुझ्याच पेटीतली, तांब्याची. स्विचला वाटायचं दार बंद आहे. तू म्हणालास, “बाबा, एक दिवस आत कोणीतरी असेल.” मी सगळ्यांसमोर म्हणालो, “मग तो ओरडेल, आणि मला ऐकू येईल. मी काय बहिरा आहे?” मावशी हसली, सावकाशही हसला. तू पेटी उचलून निघून गेलास. पेटीतली तार तेवढी राहिली.

असो. आज पोलिसांचं पत्र आलं. बारकीला पाच मार्चला सकाळी अकरा वाजता पुरवणी जबाबासाठी बोलावलंय. शाळेत हुशार मुलं पुरवणी मागायची. मी कधी मागितली नाही, माझी पहिलीच पानं भरत नसत. इथे पोलीस मागतात.

पत्रात एक ओळ आहे, ‘तपासात नवीन बाब निदर्शनास आल्याने’. ती बाब कोणती, ते नाही. मी स्वतः चौकीत जाऊन आलो. पोलीसबाईंनी बसायला दिलं, पाणी दिलं, काय हवं ते विचारलं. पण त्यासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलतात. हल्लीच्या सगळ्यांनाच ती सवय लागलीय. मी म्हणालो, “ती पोरगी आहे, घाबरते, सोबत कोणी बसलं तर चालेल का?” बाई म्हणाल्या, “घरचं एक माणूस बसू शकतं. आधाराला. बोलायचं मात्र नाही.” मी म्हणालो, “मी? मी तर तोंडच उघडत नाही.” यावर त्या हसल्या. पहिल्यांदाच हसल्या, आणि मला ते आवडलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, “बारा तारखेला तुम्ही फोनवर कुणाशी बोलत होता?” मी म्हणालो, “गिऱ्हाईक होतं.” “कुठलं?” मी म्हणालो, “बघून सांगतो.” अजून सांगितलेलं नाही.

तुला माहीत नसेल, बारकीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. जूनमध्ये सुरू होतं. अर्जावर एक चौकोन आहे, ‘आपल्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल आहे का?’ तिने त्यात ‘नाही’ लिहिलं ते जानेवारीत. ते पोस्टकार्डाएवढं प्रवेशाचं पत्र तिने आरशाच्या कडेत खोचून ठेवलंय. केस विंचरताना ती आधी ते वाचते आणि मग स्वतःकडे बघते. आता मी तिथे गेलो की ती विंचरायची थांबते.

हॉलमध्येही तसंच. मी शिरलो की बोलणं थांबतं. ड्रायव्हर सांगत होता, मावशी म्हणत फिरते, ‘मालक उभेच होते.’ कुठे उभे होते? मी ऑफिसात होतो, असं मी तुला लिहिलंय ना?

तुझा बाप

शनिवार, २ मार्च

थोरल्या,

आज स्वयंपाकघरातल्या टेबलावर जबाबाची तालीम केली. पोलीसबाई मी झालो. तुझी आई भाजी निवडत होती, तिला हवालदार केलं. बारकीला हसवायचा विचार होता. हसली नाही.

मी म्हणालो, “हं, सांगा मुली, ‘लाव’ कोण म्हणालं?”

ती म्हणाली, “माहीत नाही.”

“असं नाही चालायचं. मागच्या वेळी माहीत नव्हतं, आता आठवलं असं म्हण. सावकाशचा आवाज होता.”

“सावकाशकाका म्हणाले? ड्रममध्ये शिरून? लाव म्हणून?”

“शिरायच्या आधी म्हणाला असेल. चार नंबरचं म्हणाला असेल. तू तीन नंबर दाबलंस. साधी चूक. त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही.”

“त्यांना विचारतील ना बाबा, उठल्यावर.”

“आधी उठू दे.”

हे मी बोललो. शब्द जसे निघाले तसेच लिहितोय, तुला वाटेल तसं वाच. तुझ्या आईच्या हातातली भाजी तशीच राहिली.

मग बारकी उठून खिडकीपाशी गेली आणि पाठमोरी काहीतरी बोलली. मी म्हणालो, “काय?” ती पुन्हा बोलली. रस्त्यावरून काहीतरी जात होतं, कळलं नाही. मी म्हणालो, “अगं मोठ्याने बोल की, खिडकीला काय सांगतेस?” तुझी आई उठली, माझ्या समोर आली, नाकासमोर तोंड आणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “ती म्हणते, आवाज कुणाचा होता ते तिला माहीत आहे.”

मी विचारलं, “कुणाचा?”

तुझी आई परत भाजीकडे वळली.

नंतर मी हॉस्पिटलमध्ये गेलो. सावकाशच्या अंगावरची चादर आपल्याकडचीच निघाली, कोपऱ्यात आपला निळा टाका. घडीच्या रेघा अजून दिसत होत्या, नीट धुतलेली होती. त्याही वेळी ते बघितलं मी, सवय जात नाही. काल दुपारपासून तो डोळे उघडतोय. नर्सने पलंग जरा सरकवला तसे त्याचे ओठ हलले. मी त्याच्या बायकोला विचारलं, “काय म्हणतोय?” ती म्हणाली, “काही नाही. सावकाश म्हणताहेत.” आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

डॉक्टर म्हणाले, त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नाही. बहुतेक आठवणारही नाही.

हे ऐकून मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू? बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि चांगला मोठा श्वास घेतला. मग लक्षात आलं की आपण कशावर श्वास घेतोय. हे घरात सांगायला कोणी उरलेलं नाही, म्हणून तुला लिहितो. तू तसाही माझ्याशी बोलत नाहीस, त्यामुळे तुझं काही बिघडत नाही.

एक विचारू? त्या दिवशी तू पेटी घेऊन निघालास, तेव्हा दारात काहीतरी म्हणाला होतास. मी सगळ्यांना सांगितलं, ‘शिवी दिली त्याने बापाला.’ खरं म्हणजे मला ऐकू आलं नव्हतं. हॉल चालू होता. तू काय म्हणालास?

तुझा बाप

मंगळवार, ५ मार्च, चौकीतल्या बाकावरून

थोरल्या,

कागद नव्हता, म्हणून पोच-पावतीच्या पाठीमागे लिहितोय. साडेदहा झालेत. बारकी बाकाच्या दुसऱ्या टोकाला आहे, मध्ये तिची पिशवी. तिने केस घट्ट बांधलेत. सकाळपासून चार शब्द बोललीय, त्यातले दोन आईशी.

तुझं उत्तर काल आलं. ‘मी म्हणालो होतो, बाबा, कान दाखवून घ्या.’ मी ते दाढी करताना वाचलं आणि रागाने गाल कापून घेतला. तुला काय, एक ओळ टाकायची आणि मोकळं व्हायचं.

आता ऐक. मी ऑफिसात नव्हतो.

मी तीन नंबरसमोर उभा होतो. दहा पावलांवर. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि काच वाफेने पांढरी झाली होती. गरम हवा सगळी बाहेर जात होती. मला वाटलं कोणीतरी निष्काळजीपणाने दार तसंच सोडून गेलंय. मी ओरडलो, ‘दार लाव रे!’ कुणाला म्हणून नाही. असाच, मालकासारखा. सावकाशच्या चपला ड्रमखाली जोडीने ठेवलेल्या होत्या. धुतलेल्या कपड्यांवर पाय नको म्हणून तो काढूनच आत शिरला होता. त्या मला नंतर दिसल्या.

मी ‘दार लाव’ म्हणालो. तिकडे पॅनेलवर पोचलं फक्त ‘लाव’. बटण तिने दाबलं, शब्द माझा होता.

ड्रम फिरायला लागला तेव्हा मला वाटलं, चला, दार लागलं, काम सुरू झालं. मी दाराकडे न बघता उभा होतो. बेअरिंगचा आवाज बघत होतो, जमिनीतून पायाला लागतो तो. एकदम मावशी माझ्या अंगावरून धावत गेली, मला ढकलून. मी तिच्यावर ओरडणार होतो.

बारकी हे आत सांगेल असं वाटतं. की नाही सांगणार? सांगितलं नाही तर बटण तिचं आणि शब्द कुणाचाच नाही, मग जून गेला. सांगितलं तर मी गेलो. गेले तीन आठवडे मी हेच उलटसुलट करून बघतोय आणि दर वेळी माझं वजन जास्त भरतंय. खिशात तांब्याची तार आहे. सकाळी निघताना घेतली. इथे आल्यावर वाटलं, मोरीत टाकावी. मोरीपर्यंत जाऊनही आलो.

हवालदार समोर येऊन उभा राहिलाय. म्हणतो, तिसऱ्यांदा हाक मारतोय.

बुधवार, ६ मार्च

थोरल्या,

घरी आहे. आज तरी आहे. शुक्रवारी पुन्हा जायचंय, या वेळी माझ्या नावाने. वकील बघितलाय. हॉलला सील लागलंय. हॉस्पिटलच्या चादरी दुसरीकडे गेल्या, त्यांच्या घड्या कशा असतील देव जाणे. बारकीला साक्षीदार धरलंय, आरोपी नाही. तसं पोलीसबाईंनी तिच्यासमोर सांगितलं, आणि मी विचारलं म्हणून दुसऱ्यांदा, माझ्याकडे तोंड करून. जूनचं जूनला. आरशातलं पत्र जागेवर आहे.

आता आतलं सांगतो.

खोली लहान. टेबल, चार खुर्च्या, एक पंखा, जो कुणी लावला नव्हता. मी बारकीच्या डाव्या हाताला. पोलीसबाईंनी एक फोन टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “ही नवीन बाब.” फोन मावशीचा. बारा तारखेला सव्वादोनला मावशी घडी घालता घालता तिच्या बहिणीला निरोप बोलून पाठवत होती, भाचीच्या बाळाबद्दल. बोलता बोलता फोन चादरींवर ठेवून धावली. बंद करायचं राहिलं. सगळं त्यात आलंय.

बाई बारकीला म्हणाल्या, “हे लावायच्या आधी तुला काही सांगायचंय?”

बारकी माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या कडेचा सनमायका नखाने उकरत होती. म्हणाली, “आवाज बाबांचा होता.”

मी तोंड उघडलं. बाईंनी बोट वर केलं. मी मिटलं.

बारकी या वेळी स्पष्ट बोलत होती, सगळं ऐकू आलं मला. “पॅनेलवरून ड्रमचं दार दिसत नाही. पण दारासमोर उभा माणूस दिसतो. बाबा उभे होते. लाव म्हणाले. बाबा समोर आहेत म्हणजे बघूनच म्हणाले असणार. मी बटण दाबलं.”

“मग?”

“मग ओरडणं ऐकू आलं.”

“तुला ऐकू आलं?”

“हो.”

“मग बंद का केलं नाहीस?”

तिने सनमायकाचा एक कपचा उखडला. मग म्हणाली, “बाबा हलले नाहीत ना. मी त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्यापेक्षा जवळ होते. त्यांना ऐकू आलं नाही असं होणारच नाही. हॉलमध्ये टाचणी पडली तरी त्यांना कळते. मला वाटलं, ते उभे आहेत म्हणजे काही नसेल. कुणीतरी मस्करी करत असेल. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी हात वर केला की बंद करणार होते.” मग पहिल्यांदा ती माझ्याकडे वळली. “का नाही केलात हात वर? एवढं सांगा. तीन आठवडे मी तुमच्यासोबत जेवतेय. एवढंच सांगा. माणूस ओरडत होता आणि तुम्ही ऐकत उभे होता.”

थोरल्या, मला या प्रश्नाची तयारी नव्हती. ‘लाव’, खोटं, तार, सगळ्याची होती. याची नव्हती. मी म्हणालो, “कोण ओरडत होतं?”

तिला वाटलं मी अजूनही बनाव करतोय. ती रडायला लागली. पोलीसबाई म्हणाल्या, “थांब,” आणि फोनवर बोट ठेवलं.

मावशीचा आवाज आला, भाचीच्या बाळाचं काहीतरी. मागे हॉल. मग माझा आवाज, तो मी ओळखला. आधीचं ‘दार’ काही आलेलं नाही. नुसतं ‘लाव’. मग तीन नंबर सुरू होतो, सुरू होताना तो जरा कण्हतो, तुला माहीतच आहे. मग हॉल. मग काहीतरी आपटतं, तो मावशीने मारलेला दणका. संपलं.

मी म्हणालो, “हो. तो मीच. दार लाव म्हणालो होतो. ऑफिसात नव्हतो, खोटं लिहून दिलं. दाराच्या स्विचवर तार होती, ती मीच बांधली होती, माझ्या मुलाने नको म्हटलं असताना, आणि मीच सोडली, पंचनाम्याच्या आधी. ही बघा.” तार टेबलावर ठेवली. वळून वळून ती स्विचच्याच आकाराची झालीय, सरळ होत नाही. “पोरीने मी सांगितलं ते केलं. इतकी वर्षं सगळेच करतात. तिला सोडा.”

मला वाटलं, झालं. एवढं बोललो म्हणजे खोलीत काहीतरी हलेल. पण तिघं जण माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बारकीचं रडणं थांबलं होतं.

बाई म्हणाल्या, “ते लिहून घेते. पण त्यानंतरचं?”

मी म्हणालो, “त्यानंतर काय?”

“लाव म्हणाल्यानंतर. जे ऐकू येतंय ते.”

“मशीन,” मी म्हणालो.

बारकीने हळूच खुर्ची माझ्याकडे वळवली. अगदी तुझी आई करते तशी, नाकासमोर तोंड आणून म्हणाली, “बाबा, नुसतं मशीन?”

“मग अजून काय आहे त्यात?”

ती बाईंना म्हणाली, “परत लावा. मोठं करून लावा.”

बाईंनी परत लावलं, होता तेवढा आवाज करून. हवालदाराने मान खाली घातली. बारकीने दोन्ही हात कानांवर ठेवले. मी वाकून ऐकलं. मग बाईंनी फोन माझ्या हातात दिला, म्हणाल्या, “कानाला लावा.” मी लावला, आधी उजव्याला, मग मध्येच डाव्याला. ऐकता ऐकता बारकीचा हात माझ्या गुडघ्यावर आला. तो तिने घरी येईपर्यंत काढला नाही. गाडीत पुढे बसली, गियरच्या आडवा हात घालून.

जबाबात ते सगळं उतरवलंय आणि प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. त्यात लिहिलंय की ‘लाव’ या शब्दानंतर अकरा सेकंद एक पुरुष ‘थांबा, थांबा, मी आत आहे’ असं ओरडतो आहे आणि आवाज स्पष्ट आहे. रेकॉर्डिंग तीनदा लावलं. तिन्ही वेळा मला मशीनच ऐकू आलं.

तुझा बाप